आवाज पोहोचतो, पण उशिरा

प्रस्तावना

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी ही जुनी वसाहत आहे. तेथील नंदीच्या प्रसिद्ध देवळाजवळ ‘ब्यूगल रॉक’ नावाचा विस्तीर्ण खडक आहे. पूर्वी या उंचवट्यावरचे पहारेकरी ब्यूगल वाजवून नगराला इशारा देत, असे सांगितले जाते. हा इशारा सर्वांना एकाच क्षणी ऐकू येत नसणार, हे उघड आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर अंतर कापतो. म्हणजे एक किलोमीटरवरील माणसाच्या कानी तो नाद सुमारे तीन सेकंदांनी पडणार.

याच बसवनगुडीच्या परिसरात १९०५ साली स्थापन झालेला बंगळूर गायन समाज आहे. संगीताचा शेजार लाभलेल्या अशा वस्तीत एखादी मराठी गृहिणी संगणकावर अभंग ध्वनिमुद्रित करीत आहे, अशी कल्पना करा. कानांवरच्या हेडफोनमध्ये ठेका वाजतो आहे. ती गाते, पण स्वतःचा आवाज तिला किंचित मागाहून ऐकू येतो. दोन ओळींतच लय ढळते. “माझेच तालाचे ज्ञान कच्चे आहे,” असे म्हणून ती गाणे थांबवते.

दोष खरोखर तिचा आहे का? या पाठात आपण या प्रश्नाचा शोध घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
- ध्वनिमुद्रणात विलंब कोठे निर्माण होतो ते सांगू शकाल;
- विलंबाचे साधे गणित करू शकाल;
- तो कमी करण्याचे उपाय योग्य क्रमाने योजू शकाल;
- कोणता विलंब टाळता येतो आणि कोणता नाही, हा भेद स्पष्ट करू शकाल.

१. विलंब कोठे होतो?

मायक्रोफोनमध्ये शिरलेला आवाज विद्युत्‌लहरींच्या रूपाने संगणकाकडे जातो. तेथे त्याचे अंकांत रूपांतर होते. त्यासाठी दर सेकंदाला बहुधा ४४,१०० किंवा ४८,००० वेळा आवाजाची नोंद घेतली जाते. अशा प्रत्येक नोंदीला ‘नमुना’ म्हणतात.

संगणक प्रत्येक नमुना सुटा हाताळत नाही. शेअर रिक्षा जशी प्रवासी भरल्याशिवाय सुटत नाही, तसे ठरावीक संख्येचे नमुने जमल्यावरच संगणक ते पुढे पाठवतो. नमुने जमवण्याच्या या जागेला ‘बफर’ म्हणतात. रिक्षा जितकी मोठी, तितका पहिल्या प्रवाशाचा खोळंबा अधिक.

याचे गणित सोपे आहे : बफरमधील नमुन्यांची संख्या भागिले दर सेकंदाचे नमुने. बफर १,०२४ नमुन्यांचा आणि गती ४८,००० असेल, तर एका बफरसाठी सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एक आणि बाहेर जाताना एक, असे किमान दोन बफर भरावे लागतात. त्यामुळे विलंब सुमारे ४३ मिलिसेकंद होतो. एका मिलिसेकंदात ध्वनी हवेत सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे ही गृहिणी जणू स्वतःपासून पंधरा मीटर दूर उभी राहून स्वतःचे गाणे ऐकते आहे!

बफर १२८ नमुन्यांचा केला, तर हाच विलंब सुमारे पाच मिलिसेकंदांवर येतो. समोर दोन मीटरांवर बसलेल्या तबलजीचा बोलही आपल्याला जवळजवळ इतक्याच उशिरा ऐकू येतो. त्याचा त्रास कोणाला होत नाही.

बिनतारी ब्लूटूथ हेडफोनमध्ये मात्र विलंब पुष्कळदा १०० मिलिसेकंदांहून अधिक असतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते. १०० मिलिसेकंद म्हणजे मात्रेचा पाचवा हिस्सा. एवढे अंतर पडल्यावर ठेका सांभाळणे अवघड होणारच.

२. कान आणि वाणी

बोलताना वा गाताना आपण स्वतःचा आवाज ऐकत ऐकत तो सावरत असतो. बर्नार्ड ली या अमेरिकी संशोधकाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले, की स्वतःचा आवाज सेकंदाच्या एका अंशाने उशिरा ऐकवला, तर अस्खलित बोलणारी व्यक्तीही अडखळू लागते. तेव्हा आपल्या गृहिणीने तालाच्या ज्ञानाला बोल लावणे योग्य नव्हे. आधी यंत्र तपासले पाहिजे.

३. उपाय : कोणत्या क्रमाने?

१. *तारेचा हेडफोन वापरा.* हा उपाय सर्वांत सोपा आणि बहुधा सर्वांत परिणामकारक असतो.

२. *थेट श्रवणाची सोय वापरा.* मायक्रोफोन आणि संगणक यांच्यामध्ये जोडायच्या ऑडिओ इंटरफेस या उपकरणावर पुष्कळदा अशी सोय असते. तीत आवाज संगणकाला वळसा न घालता सरळ हेडफोनमध्ये येतो. ही सोय वापरताना सॉफ्टवेअरमधून येणारा तोच आवाज बंद करावा. अन्यथा तो दुहेरी ऐकू येईल.

३. *योग्य ड्रायव्हर निवडा.* विंडोजवर ‘आसिओ’ पद्धतीचा ड्रायव्हर विलंब बराच कमी करतो. मॅक संगणकात ‘कोअर ऑडिओ’ ही व्यवस्था मुळातच असते.

४. *बफर टप्प्याटप्प्याने लहान करा.* ५१२, २५६, १२८ असे खाली यावे. आवाजात खरखर किंवा तुटकपणा आला, की एक पायरी वर जावे. बफर फार लहान झाल्यास तो वेळेवर भरणे संगणकाला जमत नाही, म्हणून आवाज तुटतो.

५. *अनावश्यक प्रक्रिया बंद ठेवा.* आवाजातील गोंगाट काढणे, घुमारा देणे ही कामे मुद्रणानंतर करावीत. त्या वेळी बफर पुन्हा मोठा केला तरी चालतो.

४. थेट प्रक्षेपणातील विलंब

थेट प्रक्षेपणात आणखी एक अडचण येते. कॅमेऱ्याचे चित्र तयार होण्यास पुष्कळदा आवाजापेक्षा अधिक वेळ लागतो. मग शब्द आधी ऐकू येतो आणि ओठ नंतर हलतात. निसर्गात असे कधी घडत नाही. वीज आधी चमकते, गडगडाट नंतर होतो. म्हणून आवाज चित्राच्या पुढे गेला, की तो अधिक खटकतो. अशा वेळी आवाज कमी नव्हे, तर मुद्दाम अधिक उशिरा पाठवावा लागतो. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवावी, चित्रातील टाळी आणि तिचा आवाज यांतील अंतर मोजावे आणि प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढे मिलिसेकंद भरावेत.

काही विलंब मात्र कोणत्याही उपायाने टळत नाही. काचतंतूमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बंगळूर ते लंडन हे अंतर सुमारे आठ हजार किलोमीटर आहे. केवळ हा प्रवासच एका दिशेने ४० मिलिसेकंदांचा होतो. प्रत्यक्ष मार्ग आणि वाटेतील यंत्रे यांमुळे तो अधिकच लांबतो. २०२० सालच्या टाळेबंदीत संगीताचे वर्ग संगणकावर भरू लागले, तेव्हा गुरू-शिष्यांना एकसाथ गाता येईना, याचे हे एक मोठे कारण होते. अशा वेळी तानपुरा आणि ठेका शिष्याने स्वतःच्या घरी लावावा, गुरूने आधी गावे आणि शिष्याने मागाहून म्हणावे, हाच मार्ग व्यवहार्य ठरतो.

पाठगत प्रश्न

१. बफर ४८० नमुन्यांचा आणि गती ४८,००० असल्यास एका बफरसाठी किती वेळ लागेल?
२. बफर फार लहान केल्यास काय घडते?
३. आवाज चित्राच्या पुढे जात असेल, तर काय करावे?

आपण काय शिकलो?

विलंब म्हणजे एकच एक दोष नव्हे. बफर, बिनतारी साधने, सॉफ्टवेअर आणि अंतर या सर्वांची त्यात भर पडते. आधी मोजावे, मग एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. जे टळते ते टाळावे, जे टळत नाही त्याच्याशी जुळवून घ्यावे. आणि स्वतःला दोष देण्यापूर्वी साधन तपासावे. ही शिस्त केवळ ध्वनिमुद्रणापुरती नाही. कोणतेही नवे यंत्र हाताळताना ती उपयोगी पडते.

स्वाध्याय

१. शेअर रिक्षेच्या उदाहरणाने बफरची कल्पना तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. पाठातील गृहिणीला पहिले दोन उपाय सुचवणारे पत्र लिहा.
३. मोबाइलवर टाळीचे चित्रमुद्रण करा. चित्र आणि आवाज यांचा मेळ बसतो का, याचे निरीक्षण नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. १० मिलिसेकंद. २. बफर वेळेवर भरत नाही, त्यामुळे आवाजात खरखर व तुटकपणा येतो. ३. अंतर मोजून आवाज तेवढा उशिरा पाठवावा.