पत्रा, पाणी आणि कागद

जुन्या देखण्या गाडीचा नाद असलेली मंडळी अमरावती-अकोल्यात कमी नाहीत. खरी स्पोर्ट्स कार आपल्या देशात बनलीच थोडी. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१पासून दोन दारांची हेराल्ड काढली. गोव्यात नव्वदीच्या दशकाअखेर फायबरच्या बॉडीची, दोनच सीटांची सॅन स्टॉर्म आली. बाकी सगळी हौस भागवली ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाटने. तिलाच पुढे पद्मिनी नाव मिळालं आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतीतही तीच पळायची. अशा गाडीचा सौदा ठरायच्या आधी ओळखीचे लोक मला ‘एकदा नजर टाका’ म्हणून सोबत नेतात. त्या पाहण्यांतून जे हाती लागलं ते इथे देतो.

१. गाडी थंड असताना बघा, आणि सकाळी बघा

मालकाला आदल्या दिवशीच निरोप द्यावा, ‘भाऊ, आम्ही आल्याशिवाय गाडी चालू करू नका.’ पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर चहा घ्यावा, गप्पा माराव्या, गाडी निवू द्यावी. चोक ओढून थंड इंजिन कितव्या सेल्फला उठतं आणि पहिला धूर कोणत्या रंगाचा निघतो, हे एकदाच बघायला मिळतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. सकाळचं तिरपं ऊन मात्र फार कामाचं. गाडीच्या एका टोकाशी उकिडवं बसून अंगावरून नजर फिरवली की ठोकलेल्या आणि भरलेल्या जागेवर रंगाच्या लाटा उठलेल्या स्पष्ट दिसतात.

२. इंजिनाला भुलू नका, पत्र्यापासून सुरुवात करा

अमरावतीच्या एका जुन्या मिस्त्रींचं वाक्य मी कायम लक्षात ठेवलंय. ‘इंजन कवाबी बांधून भेटते साहेब, पत्रा कुठून आणसान?’ बोअर करून, पिस्टन-रिंगा बदलून इंजिन उभं करणारे हात वऱ्हाडात अजून आहेत. कुजलेला मजला आणि दाराखालचा आडवा पट्टा मूळ आकारात परत घडवणारे फार थोडे.

फियाटच्या बाबतीत हे जास्त खरं, कारण तिला वेगळी चासीच नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळं वजन पेलतो. म्हणून दोन्ही बाजूंची मॅटिंग उचलायला लावा आणि मजला डोळ्यांनी बघा. दाराखालच्या पट्ट्यावर बोटाने टिचक्या मारत जा. आवाज बद्द झाला की तिथे पुट्टी आहे. खिशात लहानसं लोहचुंबक ठेवा, त्याला पातळ कापड गुंडाळा म्हणजे रंगावर ओरखडा उठत नाही. चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही. मग जॅक लावून गाडीची एक बाजू उचला आणि त्या बाजूचं दार उघडझाप करून बघा. दार अडकायला लागलं तर सांगाडा वाकतोय. अशी गाडी कितीही चकचकीत असली तरी तिथेच नमस्कार करून निघावं.

वऱ्हाडची कोरडी हवा पत्र्याला मानवते. मुंबईला खाऱ्या हवेत राहिलेली गाडी आणि जन्मभर अचलपूर-दर्यापुरात राहिलेली गाडी शेजारी लावली की फरक शेंबडं पोरही सांगेल. आपल्याकडे गंज येतो तो खालून, काळ्या मातीमुळे. पावसाळ्यात वावरात जाणाऱ्या गाडीच्या चाकांवरच्या खोबणीत ही माती थापली जाते आणि पाऊस संपला तरी आत ओल धरून बसते. बाहेरून रंग टवटवीत असतो आणि आतून पत्रा पापडी होऊन सुटत असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने ती माती पाडा आणि खाली काय आहे ते बघा. मालक नाही म्हणाला तर त्यातच उत्तर आलं.

डिकीत स्पेअर चाक उचलून त्याखालची जागा आणि दाराच्या बिजागऱ्यांच्या मागचा कोपरा टॉर्च लावून पाहावा. पांढऱ्या किंवा निळ्या रंगाच्या कडेला काळा-पिवळा डोकावला तर ती गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून झिजलेली आहे. मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. त्याआधीच्या कित्येक वर्षांत टॅक्सीतून निघालेल्या गाड्या रंग बदलून गावोगाव गेल्या. टॅक्सी होती म्हणून गाडी वाईट ठरत नाही, पण ‘डॉक्टरसाहेबांची, एकहाती वापर’ या भावाने ती घेऊ नये.

हेराल्डला स्वतंत्र चासी आहे आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसते, त्यामुळे तिथे आधी खाली आडवं होऊन चासीचे बाजूला निघालेले हात तपासायचे. स्टॉर्मचं फायबर गंजत नाही. तिथे बिजागऱ्यांभोवती आणि कोपऱ्यांवर केसासारख्या भेगा शोधायच्या, आणि खालचं लोखंड वेगळं बघायचं.

३. रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघा

पुण्या-मुंबईचे जाणकार ही गोष्ट तुम्हाला सांगणार नाहीत, कारण त्यांना खारपाणपट्टा माहीत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारं. जे पाणी माणसाला पिववत नाही आणि पिकाला चालत नाही, तेच पाणी वर्षानुवर्षं गाड्यांच्या रेडिएटरमध्ये ओतलं गेलं. फियाटचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जाणारच. हेडच्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात, गॅस्केटला टेकायला जागा उरत नाही, आणि नवी गॅस्केट टाकली तरी ती पुन्हा जाते.

म्हणून इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढा. आत हिरवं किंवा निळं कूलंट असेल तर मालकाने काळजी घेतली आहे. पाणी विटकरी असेल तर आत गंज फिरतोय. झाकणाच्या रबराखाली आणि तोंडाच्या कडेला पांढरा खर बसला असेल तर बोट फिरवून बघा. करकरीत लागला की समजा, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तोच भरलाय. पाण्यावर तेलाचा तवंग आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, ही दोन्ही एकत्र दिसली तर हेड उतरवावं लागणार. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टिकल्या बसवलेल्या असतात. त्यांच्या खालून तपकिरी ओघळ आलेत का तेही पाहावं, कारण आतून गंजून त्या भर रस्त्यात फुटतात.

एक सवाल मालकाला जरूर विचारा, ‘थर्मोस्टॅट आहे का?’ गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे रीतच आहे. तो काढलाय म्हणजे गाडी कधीतरी तापत होती. मग कारण शोधलं की लपवलं, हे घाटात कळतं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट त्यासाठीच. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. निम्मा घाट दुसऱ्या गिअरवर चढून काटा मध्यावर राहिला तर पाण्याची बाजू चांगली. उतरताना ब्रेकांची परीक्षा आपोआप होते. चारही चाकांना ड्रम असलेल्या या गाड्या नुसत्या ब्रेकवर उतरवल्या तर पॅडल मऊ पडतं, म्हणून गिअरवर उतरवा आणि तरीही पॅडल खाली जातंय का ते बघा.

४. धूर आणि कॉम्प्रेशन

सुरू करताना निळसर धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हची सीलं गेलीत, खर्च बेताचा. चालत्या गाडीत रेस दिली की सतत निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा बोअर. काळा धूर कार्ब्युरेटरचा, त्याची चिंता करू नका. कॉम्प्रेशन गेज कोणत्याही बऱ्या मिस्त्रीकडे मिळतो. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असले की पुरे. आकडा किती आला यापेक्षा चौघांचं जुळतं का, हे महत्त्वाचं.

५. रबराचं वय विचारा

कोरड्या हवेने पत्रा वाचतो, पण रबर मरतं. वऱ्हाडच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची होज, बुशं, ब्रेकची लवचीक पाइपं, काचेभोवतीची बीडिंग तडकतात. टायरवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसते म्हणून दहा-पंधरा वर्षांच्या टायरवर हायवेला जाऊ नका.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाडीचे पेट्रोल-पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरच्या गॅस्केटी या पेट्रोलसाठी बनलेल्याच नाहीत. शिवाय इथेनॉल ओल धरतं आणि उभ्या गाडीची टाकी आतून गंजवते. पाइप दाबून बघा, फुगलेला किंवा चिकट लागला तर घरी नेण्याआधी बदला. आग लागायची ती इथूनच.

६. पुढची चाकं हलवून बघा

पुढचं चाक जॅकवर उचलावं, वर आणि खाली धरून हिसका द्यावा. खडखड झाली तर किंगपिन किंवा बेअरिंग. हेराल्डमध्ये या जागी ट्रनियन नावाचा पितळी सांधा असतो. त्याला ग्रीस चालत नाही, घट्ट गिअर ऑइल लागतं. सवयीने ग्रीस मारत राहिलेल्या गाडीत तो आतून कोरडा पडून मोडतो आणि चाक सरळ आडवं होतं. हेराल्ड विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच करा, की ट्रनियनला काय घालता? ‘ग्रीस’ म्हणाला तर तो खर्च किमतीतून वजा करा आणि दुरुस्ती झाल्याशिवाय ती चालवत नेऊ नका.

७. नुसत्या हायवेवर चालवून पसंत करू नका

अमरावती-अकोला मार्गाचं काम तुम्हाला आठवत असेल. जून २०२२मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३वर ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झालं आणि त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. त्या रस्त्यावर कोणतीही गाडी गुळगुळीत चालते. विकणाऱ्याला म्हणूनच तो रस्ता आवडतो. तिथे फक्त दोन गोष्टी ऐका: साठाच्या पुढे डिफरन्शिअल घुमतं का, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपसूक बाहेर पडतो का. बाकी परीक्षेसाठी गाडी मूर्तिजापूरकडच्या एखाद्या खेड्याच्या रस्त्याला घाला. काच खाली करा, रेडिओ बंद, बोलणंही बंद. खड्ड्यात शॉकॲब्सॉर्बर, पाटे, दारं, सगळी आपापली तक्रार सांगतात. तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरला येताना करकर झाली तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

८. कागद जुळले नाहीत तर गाडी तुमची होत नाही

आरसी बुक हातात घेऊन चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा, मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवरून नको. डिझेल महाग नव्हतं त्या काळात पुष्कळ फियाटी आणि ॲम्बेसेडरना दुसरी इंजिनं बसवली गेली, नंतर गॅसच्या किटा लागल्या. आरसीत इंधन पेट्रोल आणि बॉनेटखाली वेगळंच काही, असा प्रकार नेहमी दिसतो. आरटीओत नोंद नसेल तर नूतनीकरण अडतं.

मालक वारला असेल आणि गाडी नातू विकत असेल, तर आधी वारसाच्या नावावर चढवून घ्यायला सांगा. फॉर्म २९ आणि ३०वर मयताची सही चालवून नेऊ पाहणारे भेटतात. अशा सौद्यात पाय घालू नका. जुनं कर्ज आरसीवर चढलेलं असेल तर फॉर्म ३५ लागेल, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८चा ना-हरकत दाखला.

पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५पासून हे शुल्क १०,००० रुपये आहे, हरित कर वेगळा. गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असेल तर २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, मात्र ती रोजच्या वापराला काढता येत नाही. रोज चालवायची हौस असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

९. बारीकसारीक गोष्टींची किंमत मोठी असते

क्रोमच्या पट्ट्या, दाराच्या मुठी, मूळ स्टिअरिंग, मीटर, मागची काच. हे जिथल्या तिथे असेल तर दोन पैसे जास्त द्या. पिस्टन अकोल्यात मिळेल, हेराल्डच्या दिव्याची मूळ कडी शोधायला वर्ष जाईल. रंग-पॉलिशला मी भाव देत नाही. रंग उडालेली, पण एकही तुकडा न हरवलेली गाडी मला नव्या रंगाच्या गाडीपेक्षा केव्हाही जास्त मोलाची वाटते.

१०. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना

वऱ्हाडातल्या कितीतरी वाड्यांत आजोबांची फियाट किंवा हेराल्ड ताडपत्रीखाली उभी आहे. विकायची नसेल तर महिन्यातून एकदा चालू करा, रेडिएटरमधलं बोअरचं पाणी काढून कूलंट भरा, चाकांखाली फरशी घाला. विकायची असेल तर कबाड्याला वजनावर देऊ नका, कुणा हौशी माणसाला द्या. आणि आजच्या आज कपाट उघडून तिचं आरसी बुक शोधून ठेवा.