दहा पौंडांचे तिकीट

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले. ब्रिटन विजयी झाले होते. परंतु केवळ विजयाने कोणाची चूल पेटत नाही. लंडन, कॉव्हेंट्री, लिव्हरपूल यांसारख्या शहरांतील हजारो घरे बाँबवर्षावाने जमीनदोस्त झाली होती. एकेका घरात दोन-दोन बिऱ्हाडे दाटीवाटीने राहत होती. साखर, लोणी, मांस, कपडे ही सारी शिधापत्रिकेवर मोजून मिळत. प्रत्यक्ष युद्धाच्या काळात ज्या पावावर कधी नियंत्रण आले नव्हते, तोही १९४६ ते १९४८ या काळात मोजूनमापून घ्यावा लागला. त्यातच १९४७ च्या आरंभी हिवाळा अतिशय कडक पडला आणि कोळशाची टंचाई झाली.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ऑस्ट्रेलियापुढे मात्र अगदी उलटा प्रश्न होता. हा देश भारताच्या दुपटीहून मोठा. परंतु १९४५ साली त्याची लोकसंख्या पाऊण कोटीही नव्हती. कारखाने काढायचे, रस्ते बांधायचे, तर माणसे हवीत. शिवाय १९४२ साली जपानी विमानांनी डार्विन या बंदरावर बाँब टाकल्यापासून, एवढ्या विरळ वस्तीच्या देशाचे रक्षण कसे होणार, ही धास्ती लोकांच्या मनात बसली होती. १९४५ साली तेथे परदेशांतून लोक आणून वसवण्यासाठी एक स्वतंत्र सरकारी खाते निघाले. आर्थर कॉलवेल हे त्याचे पहिले मंत्री होत. 'वस्ती वाढवा, नाही तर नष्ट व्हा' अशा आशयाची घोषणा त्या काळी सर्वत्र ऐकू येत असे.

दोन्ही सरकारांमध्ये करार झाला आणि १९४७ पासून एक योजना अमलात आली. निवड झालेल्या प्रौढ माणसाने फक्त १० पौंड भरावेत. लहान मुलांना तर भाडेच नाही. एरवी या प्रवासाला शंभराहून अधिक पौंड लागत. अट मात्र एक होती. आलेल्या माणसाने निदान दोन वर्षे ऑस्ट्रेलियात राहिले पाहिजे. त्यापूर्वी परत जायचे असेल, तर सरकारने भरलेले भाडे फेडावे आणि परतीचा खर्चही स्वतः करावा. ज्यांच्या गाठीला काही नव्हते, त्यांच्या दृष्टीने ही अट म्हणजे बंद दारच होते.

ऑस्ट्रेलियातील लोक ब्रिटनहून आलेल्या माणसाला थट्टेने 'पॉम' म्हणत. त्यामुळे या योजनेतून आलेल्या लोकांना 'दहा पौंडी पॉम' असे नाव पडले.

त्यांचा प्रवास सुमारे बारा हजार मैलांचा आणि पाच-सहा आठवड्यांचा असे. जहाज सुएझच्या कालव्यातून एडनला आणि तेथून कोलंबोला जाई. काही जहाजे वाटेत मुंबई बंदरातही थांबत. ज्यांनी आयुष्यात आपले गाव सोडले नव्हते, त्यांना जहाजावर चारी ठाव जेवण मिळे, खेळ असत आणि विषुववृत्त ओलांडताना मोठा उत्सव होई. मुलांना हा प्रवास म्हणजे एक लांबलचक सुट्टीच वाटे. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे फ्रीमँटल बंदर दिसू लागे आणि मोठी माणसे मात्र अबोल होत.

किनाऱ्यावर उतरल्यावर पुष्कळांचा पहिला मुक्काम सरकारी वसतिगृहात पडे. यांतील कित्येक वसतिगृहे म्हणजे युद्धकाळातील लष्करी छावण्याच होत्या. एखादे मोठे पिंप मधोमध उभे चिरून त्याचा अर्धा भाग जमिनीवर पालथा घालावा, तशी पन्हळी पत्र्याची लांबट घरे तेथे ओळीने उभी असत. उन्हाळ्यात पत्रा तापला की आत बसवत नसे आणि हिवाळ्यात तोच बर्फासारखा गार पडे. न्हाणीघर सामाईक, कपडे धुण्याची जागा सामाईक आणि जेवणही सामाईक खोलीत. ताटात वारंवार येणाऱ्या मेंढीच्या मांसाला लोक कंटाळून जात. गृहिणीला तर अधिकच चुकल्यासारखे होई. कारण तिच्या हाती स्वतःची चूल नव्हती. काही कुटुंबे काही आठवड्यांत तेथून बाहेर पडली; काहींना मात्र भाड्याचे घर मिळेपर्यंत दोन-दोन वर्षे तेथेच काढावी लागली.

भाषा एकच असल्यामुळे आपल्याला काहीच जड जाणार नाही, असे या लोकांना वाटले होते. परंतु रोजच्या व्यवहारात हा समज क्षणोक्षणी चुकीचा ठरू लागला. डिसेंबरमध्ये भर उन्हाळा! नाताळच्या दिवशी घामाने निथळत भाजलेले मांस आणि गरमागरम पुडिंग खायचे, की समुद्रावर पोहायला जायचे? दुपारचा सूर्य दक्षिणेकडे नव्हे, तर उत्तरेकडे दिसे. रात्री ध्रुवतारा दिसत नसे. त्याऐवजी दक्षिणेच्या आकाशात त्रिशंकू नावाचा तारकापुंज चमके. माश्या तोंडाभोवती घोंघावत आणि जोडे घालण्यापूर्वी आत विषारी कोळी तर बसला नाही ना, हे पाहावे लागे.

शब्दही फसवत. शेजारणीने मेजवानीला बोलावले आणि 'येताना एक थाळी आणा' असे सांगितले, म्हणून नव्याने आलेल्या कितीतरी बायका खरोखरच रिकामी थाळी घेऊन गेल्या, अशी गोष्ट तेथे मोठ्या गमतीने सांगितली जाते. त्या वाक्याचा तेथील अर्थ होता, 'सर्वांना वाटून खाण्यासाठी एखादा पदार्थ करून आणा.' अशा वेळी चारचौघांत हसे झाले, तरी पुढच्या खेपेस थाळी भरलेली असे आणि हळूहळू शेजारधर्म वाढे.

ही माणसे कामाला मागे हटणारी नव्हती. कोणी मोटारींच्या कारखान्यात लागले, कोणी गवंडीकाम पत्करले, कोणी परिचारिका वा शिक्षक झाले. अॅडलेड शहराच्या उत्तरेस १९५५ साली एलिझाबेथ नावाचे नवे शहर वसवण्यात आले. तेथे ब्रिटनहून आलेल्या हजारो कुटुंबांना घरे मिळाली. लंडनमध्ये ज्यांना एक खोली मिळण्याची मारामार होती, त्यांच्या घरामागे आता अंगण होते. त्या अंगणात मधोमध खांब आणि त्यावर छत्रीसारखी फिरणारी कपडे वाळवण्याची दोरी असे. सकाळी वाळत घातलेले कपडे दुपारच्या आत खडखडीत वाळत, याचे नवल पुष्कळ जणी माहेरच्या पत्रांतून कळवीत.

पत्र हाच तर खरा दुवा होता. टेलिफोन फार महाग असे. तो आधी मागून ठेवावा लागे आणि बोलायला मिनिटे तीनच, तीही रडण्यात संपून जात. आई आजारी असल्याची वार्ता येई, तेव्हा मुलगी बारा हजार मैलांवर असे. जहाजाने जायचे, तर सहा आठवडे लागणार. कित्येकांना आईवडिलांचे शेवटचे दर्शनही घडले नाही. कुणी मन मोकळे केले, तर 'हा पाहा, सदा कुरकुरणारा पॉम' असा टोमणा ऐकावा लागे. म्हणून बरेच जण दुःख गिळून गप्प बसत.

अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे या लोकांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक ब्रिटनला परत गेले. मौज अशी की त्यांतील जवळजवळ निम्मे पुन्हा ऑस्ट्रेलियात आले! जुन्या गावी परतल्यावर त्यांना आढळले, की मनात जपलेले गाव तेथे उरलेले नाही आणि आपणही पूर्वीचे राहिलेलो नाही. फेकणाऱ्याकडे परत येणाऱ्या शस्त्रावरून त्यांना 'बूमरँग पॉम' म्हणू लागले.

बूमरँग हे शस्त्र ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचे. निदान पन्नास हजार वर्षांपासून ते त्या भूमीवर राहत आले आहेत. तेव्हा हा देश कधीच रिकामा नव्हता. तथापि नव्यांना घरे देणाऱ्या त्या काळात मूळ रहिवाशांना देशाच्या अधिकृत लोकसंख्येत मोजण्यासही राज्यघटनेची आडकाठी होती. १९६७ च्या सार्वमताने ती दूर झाली. भारतीयांसारख्या गौरवर्णीय नसलेल्या लोकांना तर १९०१ च्या कायद्याने दार जवळजवळ बंदच केले होते. नको असलेल्या माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेत ५० शब्दांचे श्रुतलेखन घालून नापास करता येई! ही परीक्षा १९५८ साली बंद झाली आणि वर्णभेदाच्या या धोरणाचे उरलेसुरले अवशेष १९७३ साली दूर करण्यात आले. दहा पौंडांचे तिकीट स्वस्त होते. पण ते सर्वांसाठी नव्हते, ही गोष्ट विसरता येत नाही.

वडीलधाऱ्यांच्या मनात दोन देश होते. मुले मात्र लवकर रुळली. शाळेच्या आवारात उन्हाने कोमट झालेले दूध पिताना ती तोंड वाकडे करीत. पण काही महिन्यांतच ती अनवाणी धावू लागत आणि तेथील मुलांसारखेच बोलू लागत. वेल्समधील बॅरी या गावी जन्मलेली, छातीच्या विकाराने आजारी असलेली एक लहान मुलगी १९६६ साली आईवडिलांबरोबर अॅडलेडला आली. उबदार हवा तिला मानवेल, असा त्यांना भरवसा होता. ते कुटुंबही प्रथम वसतिगृहातच राहिले. २०१० साली तीच मुलगी, जुलिया गिलार्ड, ऑस्ट्रेलियाची पहिली महिला पंतप्रधान झाली.

ही योजना १९८० नंतर लवकरच संपली. तोपर्यंत दहा लाखांहून अधिक ब्रिटिश लोक तेथे गेले होते. आज जगाच्या अनेक भागांतील लोक तेथे नांदतात. २०२१ च्या जनगणनेत परदेशांत जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडच्या खालोखाल भारतात जन्मलेल्यांची संख्या होती. सिडनी, मेलबर्न या शहरांत मराठी कुटुंबेही राहतात. त्यांनाही पहिल्या वर्षी डिसेंबरचा उन्हाळा चकित करतो आणि 'थाळी आणा' याचा अर्थ शेजाऱ्याला विचारावा लागतो. जहाजाचे वा विमानाचे भाडे एकदाच द्यावे लागते. परक्या भूमीला आपले घर करण्याची किंमत मात्र माणूस रोज थोडी थोडी देत असतो.

स्वाध्याय

१. युद्धानंतर ब्रिटनपुढे आणि ऑस्ट्रेलियापुढे कोणते वेगवेगळे प्रश्न होते?
२. दोन वर्षे राहण्याची अट काही लोकांना 'बंद दार' का वाटली?
३. एकच भाषा बोलूनही नव्या लोकांची फजिती कशी होई, ते उदाहरण देऊन सांगा.
४. 'हा देश कधीच रिकामा नव्हता' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. तुमच्या गावात दुसऱ्या प्रांतातून राहायला आलेल्या एखाद्या कुटुंबाला कोणत्या गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या, ते विचारून दहा ओळी लिहा.