झणझणीत रश्श्यासोबत कोणती वाइन?

प्रश्न : जावयांनी नाशिकहून शेनिन ब्लाँ आणि शिराझ अशा दोन बाटल्या आणल्यात. मासोळीच्या झणझणीत रश्श्यासोबत कोणती उघडावी?
– एक वाचक, गोसीखुर्द

उत्तर : शेनिन ब्लाँच! शिराझ ही रेड वाइन. तिच्यातल्या टॅनिनमुळे तिखटाची आग आणखी भडकते. नाशिकची शेनिन बहुधा किंचित गोडसर असते, ती जिभेला सावरते. बाटली ८ ते १० अंशांपर्यंत गार करा. ग्लासात बर्फ मात्र नको. शिराझ सुक्या मटणासाठी ठेवा, तेही मिरचीचा हात आवरून. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये तीनेक दिवस टिकते. वायनरी पाहायची तर जानेवारी ते मार्चमध्ये जा, तेव्हा द्राक्षतोडणी दिसते. आणि वर्धा-गडचिरोलीच्या सोयऱ्यांना बाटली भेट नेऊ नका. तिथे दारूबंदी आहे.