स्कूबा डायव्हिंग : वर येताना घाई नको

हल्ली सुट्ट्या लागल्या की मंचर, घोडेगाव, जुन्नर भागातील अनेक कुटुंबे मालवण-तारकर्लीला जातात. सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाला की मुले स्कूबा डायव्हिंगचा हट्ट धरतात. निघण्यापूर्वी काही जण मला विचारतात, "डॉक्टर, आम्ही लहानपणापासून विहिरीत पोहतो. मग यात धोका तो कसला?" याचे उत्तर हवेच्या दाबात आहे.

पाण्याबाहेर आपल्या शरीरावर हवेचा जो दाब असतो, तेवढाच दाब पाण्यात दर १० मीटरला वाढत जातो. म्हणजे १० मीटरवर तो दुप्पट आणि ३० मीटरवर चौपट होतो. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. विहिरीत बुडी मारणारा वरूनच छाती भरून घेतो. खाली ती हवा आकसते व वर आल्यावर पूर्ववत होते. स्कूबामध्ये मात्र पाठीवरच्या टाकीतील हवा त्या खोलीच्या दाबाने छातीत जाते. १० मीटरवर घेतलेला श्वास रोखून वर आल्यास ती हवा दुप्पट होऊ पाहते. त्याने फुप्फुस फाटू शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. दीड-दोन मीटरवरूनही हा अपघात घडू शकतो. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये.

दुसरा धोका नायट्रोजनचा. हवेत तो सुमारे ७८ टक्के असतो. दाब वाढला की तो रक्तात व चरबीत विरघळतो. जितके खोल जावे आणि जितका वेळ राहावे, तितका तो अधिक साठतो. सावकाश वर आल्यास तो श्वासावाटे निघून जातो. एकदम वर आल्यास सोड्याची बाटली फोडताच फेस यावा, तसे शरीरात बुडबुडे होतात.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया घालताना, १८७० नंतरच्या काळात, दाबाच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांना हाच आजार झाला. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंगही त्याने अधू झाला. १८७८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी नायट्रोजनचे बुडबुडे हे त्याचे कारण असल्याचे दाखविले. पुढे ब्रिटनमध्ये हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके तयार केली. पूर्वी मिनिटाला १८ मीटर हा वेग सर्रास मान्य होता. आता बरेच तज्ज्ञ ९ ते १० मीटर सांगतात. शिवाय ५ मीटरवर ३ मिनिटे थांबण्याची पद्धत आहे, कारण शेवटच्या १० मीटरमध्ये दाब प्रमाणाने सर्वाधिक बदलतो. नवख्या पर्यटकांना सहसा कमी खोलीवर थोडाच वेळ नेतात. त्यामुळे त्यांना नायट्रोजनचा धोका कमी असतो, पण श्वास रोखण्याचा धोका तेवढाच असतो.

लक्षणे व उपचार

खांदा, कोपर किंवा गुडघा दुखणे, अंगाला खाज, विलक्षण थकवा, मुंग्या, चक्कर, पायांतील शक्ती जाणे, लघवी अडणे ही लक्षणे बहुधा काही तासांत, क्वचित दुसऱ्या दिवशी दिसतात. पाण्याबाहेर येताच शुद्ध हरपली किंवा छातीत दुखू लागले तर फुप्फुसाला इजा झाली असे समजावे. रुग्णाला आडवे झोपवून ताबडतोब शुद्ध ऑक्सिजन द्यावा व रुग्णालयात न्यावे. पुन्हा पाण्यात उतरवू नये. खरा उपचार दाबाच्या बंद कक्षात होतो. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात तशी सोय आहे. घरी परतल्यावर त्रास झाल्यास डॉक्टरांना डायव्हिंग केल्याचे आवर्जून सांगावे, नाहीतर संधिवात समजून नुसत्या वेदनाशामक गोळ्या दिल्या जातील.

आपल्याकडच्या लोकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कोकणातून परतताना घाट चढावा लागतो. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब घटतो व उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा सल्ला असतो. ६०० मीटरपेक्षा उंच घाटालाही तोच लावावा. म्हणजे मालवणला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघणे उत्तम.

सर्दी, दमा, फिट्स, कानाच्या पडद्याला छिद्र, फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी व गर्भवतींनी हा मोह टाळावा. मद्य घेऊन तर पाण्यात उतरूच नये. बाकीच्यांनी प्रशिक्षित मार्गदर्शकाबरोबर जरूर जावे. मात्र वर येताना श्वास चालू ठेवावा आणि आपल्याच सर्वात लहान बुडबुड्यांपेक्षा हळू यावे.