पतंगाच्या दोऱ्या : रचना, निगा आणि दुरुस्ती

पतंग उडतो तो वाऱ्याच्या बळावर. परंतु तो उडवणाऱ्याच्या आज्ञेत राहतो तो दोरीमुळे. आपल्याकडील पतंगाला एकच दोरी असते. कन्नी नीट बांधली गेली आणि मांजा पक्का असला की पतंग उडवणाऱ्याला आणखी फारसे काही लागत नाही. पतंग हातचा गेला तरी नुकसान होते ते कागदाचे आणि बांबूच्या दोन काड्यांचे. ज्या पतंगाच्या ओढीने माणूसच समुद्राच्या पाण्यावरून खेचला जातो, त्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे दोरीतील दोष हा उडवणाऱ्याच्या जिवाशी निगडित असतो.

काइटबोर्डिंग या नावाने ओळखला जाणारा हा खेळ गेल्या काही दशकांत जगभरच्या किनाऱ्यांवर पसरला आहे. खेळाडू कमरेला पट्टा बांधतो, पायाखाली फळी घेतो आणि पतंगाच्या ओढीने लाटांवरून घसरत जातो. भारतात रामेश्वरच्या किनाऱ्यावर हा खेळ शिकवला जातो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पतंगाच्या शर्यतींचा प्रथमच समावेश झाला व त्या मार्सेयच्या समुद्रात घेण्यात आल्या.

पतंगाकडून ओझे ओढून घेण्याची कल्पना मात्र जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील शाळाशिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी 1826 मध्ये पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. पतंग हवा तसा वळवता यावा आणि त्याची ओढ कमी-जास्त करता यावी म्हणून त्यांनी त्याला चार दोऱ्या जोडल्या होत्या. 1903 मध्ये सॅम्युएल कोडी यांनी पतंगाने ओढलेल्या नावेतून इंग्लिश खाडी पार केली. पुढे फ्रान्समधील ब्रुनो व डॉमिनिक लगेन्यू या बंधूंनी हवा भरून फुगवलेल्या कण्याचा पतंग तयार केला आणि 1984 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. हा पतंग पाण्यात पडला तरी बुडत नसे व पुन्हा उडवता येत असे. आजचा खेळ उभा आहे तो या शोधावर.

चार दोऱ्यांची व्यवस्था

आजच्या बहुतेक पतंगांना चार दोऱ्या असतात. त्यांची लांबी सामान्यतः 20 ते 24 मीटर असते. दोन पुढच्या दोऱ्या पतंगाच्या फुगीर कडेला, म्हणजे वाऱ्याच्या बाजूच्या कडेला जोडलेल्या असतात. त्या खाली येऊन एकत्र होतात व हातातील दांडीच्या मधल्या भोकातून जाऊन कमरपट्ट्याला अडकवल्या जातात. ओढीचा मोठा वाटा त्यांच्यावर पडतो आणि तो खेळाडूच्या हातांवर न येता कमरेवर येतो. दोन मागच्या दोऱ्या पतंगाच्या मागील टोकांपासून निघून दांडीच्या दोन बाजूंना बांधलेल्या असतात. त्यांच्यावर ताण कमी असतो, परंतु पतंगाचे नियंत्रण त्यांच्याकडे असते.

दांडी एका बाजूने ओढली की त्या बाजूची मागची दोरी ताणली जाते व पतंग तिकडे वळतो. दांडी सरळ आपल्याकडे घेतली की दोन्ही मागच्या दोऱ्या एकदम ताणल्या जातात, पतंग वाऱ्याला अधिक छेद देऊन उभा राहतो व ओढ वाढते. दांडी दूर लोटली की मागच्या दोऱ्या सैलावतात आणि ओढ कमी होते. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी 15 सागरी मैलांवरून 20 वर गेला, तर जोर सुमारे पावणेदोन पट होतो. म्हणूनच ओढ क्षणात कमी करता येणे ही या खेळातील सर्वांत महत्त्वाची सोय होय, आणि ती सर्वस्वी चार दोऱ्यांच्या परस्पर लांबीवर अवलंबून असते.

धाग्याचे गुण आणि दोष

या दोऱ्या दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या असून प्रत्येकी दोनशे ते तीनशे किलोग्रॅमच्या ताणापर्यंत टिकतात. अतिदीर्घ साखळीच्या पॉलिएथिलीन रेणूंपासून त्यांचा धागा काढलेला असतो. नेदरलँड्समधील पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा या संशोधकांनी 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो कातण्याची पद्धत सिद्ध केली. ‘डायनीमा’ आणि ‘स्पेक्ट्रा’ ही त्याची व्यापारी नावे होत. घरातील प्लॅस्टिकच्या पिशवीचे द्रव्य मूलतः हेच असते. फरक आहे तो रेणूंच्या लांबीचा आणि मांडणीचा. पिशवीत ते गुंतागुंत होऊन पडलेले असतात, तर धाग्यात ते एकाच दिशेने शिस्तीने मांडलेले असतात. वजनाच्या मानाने हा धागा पोलादाच्या कितीतरी पट बळकट असतो. तो पाण्यापेक्षा हलका असल्याने तरंगतो, आणि पाणी शोषून घेत नाही.

परंतु या धाग्याला तीन दोष आहेत व निगा राखणाऱ्याने ते पक्के ध्यानात ठेवावेत. पहिला दोष असा की तो सुमारे 150 अंश सेल्सियसच्या आतबाहेर वितळतो. ताणलेल्या दोरीवर एकाच ठिकाणी दुसरी दोरी वेगाने घासली, तर घर्षणाच्या उष्णतेनेच ती क्षणार्धात तुटू शकते. दोन पतंगांच्या दोऱ्या अडकल्यास हेच घडते. दुसरा दोष असा की धागा अतिशय गुळगुळीत असल्याने साधी गाठ त्यात निसटते, आणि न निसटणारी गाठ मारली तर दोरीचे बळ सुमारे निम्म्यावर येते. तिसरा दोष असा की सततच्या ताणाखाली धागा हळूहळू लांबत जातो व ताण काढल्यावरही पूर्वस्थितीला येत नाही.

दोऱ्या असमान का होतात

नवी दोरी प्रथम लांबते ती तिचा गोफ घट्ट बसत जातो म्हणून. त्यानंतर धागाच सावकाश लांबत राहतो. पुढच्या दोऱ्यांवर ताण जास्त, म्हणून त्या जास्त लांबतात. मागच्या दोऱ्यांच्या बाबतीत कधीकधी उलट घडते. त्यांच्या गोफात वाळूचे कण व मीठ शिरते, गोफ फुगतो आणि ताण कमी असल्याने दोरी आखडते. अशा रीतीने काही महिन्यांत पुढच्या आणि मागच्या दोऱ्यांच्या लांबीत कित्येक सेंटीमीटरांचे अंतर पडते.

याचा परिणाम असा होतो की दांडी दूर लोटली असतानाही पतंगाला ती आपल्याकडे ओढल्यासारखीच वाटते. तो जड व मंद होतो, वळायला वेळ घेतो आणि हलक्या वाऱ्यात मागे सरकत खाली पडतो. पतंग जुना झाला, त्याचे कापड गेले, असा समज करून घेऊन नवा पतंग विकत घेतला जातो. वास्तविक दोष दोरीत असतो आणि तो तासाभरात दूर करता येतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, अशा पतंगाची ओढ दांडी लोटून पुरेशी कमी करता येत नाही. एखादी जोराची झुळूक येईपर्यंत ही उणीव लक्षातही येत नाही.

मोजणी आणि दुरुस्ती

मोजणीसाठी एक भक्कम खांब आणि तीसेक मीटर मोकळी जागा पुरते. प्रथम दोऱ्या गोड्या पाण्यात भिजवून, हलक्या हाताने चोळून मीठ व वाळू काढून टाकावी आणि त्या सावलीत वाळवाव्यात. नंतर चारही दोऱ्यांची पतंगाकडील टोके खांबावरच्या एकाच खुंटीला एकाच उंचीवर अडकवावीत. ओढ कमी करण्याचा पट्टा पूर्ण सैल सोडावा, दांडी शेवटपर्यंत आपल्याकडे घ्यावी आणि शरीराचा भार मागे टाकून दोऱ्या सारख्या ताणाव्यात. या स्थितीत बहुतेक पतंगांच्या चारही दोऱ्या सारख्या ताणल्या जाऊन दांडी सरळ राहिली पाहिजे. एखाद्या उत्पादकाने वेगळे माप सांगितले असल्यास तेच प्रमाण मानावे.

दोष कसा आहे हे येथेच कळते. दांडी तिरकी राहिली तर मागच्या दोन दोऱ्यांत फरक आहे. पुढच्या दोऱ्यांपैकी एक सैल लोंबत असेल, तर पतंग हवेत एका बाजूला झुकेल. दोन्ही पुढच्या सैल आणि दोन्ही मागच्या ताठ असतील, तर वर वर्णिलेला नेहमीचा दोष आहे असे समजावे.

दुरुस्ती पुढील क्रमाने करावी. आखडलेली दोरी एकटी खांबाला अडकवून काही मिनिटे शरीराच्या भाराने सावकाश ताणावी. हिसका कधीही देऊ नये आणि दोरी हाताभोवती गुंडाळू नये. एवढी बारीक दोरी ताणाखाली बोट कापू शकते. ताणूनही फरक राहिला, तर दोरीच्या टोकाशी असलेल्या जोडदोरीचा उपयोग करावा. तिच्यावर ओळीने दोन-तीन गाठी असतात. सरकफास एका गाठीवरून दुसरीवर नेला की लांबी काही सेंटीमीटरांनी बदलते. डाव्या-उजव्या बाजूंना नेहमी सारखाच बदल करावा व नंतर पुन्हा मोजणी करावी. मोजणी बिनचूक असूनही पतंग एका बाजूला ओढत असेल, तर दोष दोऱ्यांत नसून पतंगात आहे, असा निष्कर्ष निघतो.

गाठ आणि जोड

दोरीच्या मध्यावर गाठ दिसली, तर ती सोडवावी. सुटत नसेल तर ती दोरी वापरातून काढून टाकावी. तुटलेली दोरी मध्ये गाठ मारून पुन्हा वापरणे ही घातक काटकसर होय. मागची एक दोरी हवेत तुटली, तर पतंग दुसऱ्या बाजूला गोल गोल फिरू लागतो, आणि प्रत्येक फेरीत खेळाडूला जबर हिसका बसतो.

टोकाशी फास करण्यासाठी गाठीऐवजी ओवलेला जोड वापरतात. दोरी हा पोकळ गोफ असतो. दुमडलेल्या बारीक तारेच्या साहाय्याने दोरीचे टोक तिच्याच पोकळीत ओढून घेतात. ताण येताच बाहेरचा गोफ आवळतो आणि आतला भाग धरून ठेवतो. जितका ताण अधिक, तितकी पकड अधिक. असा जोड नीट केला तर दोरीचे बहुतांश बळ कायम राहते. आत जाणाऱ्या भागाची लांबी दोरीच्या जाडीच्या सुमारे 72 पट असावी, असा या धाग्याच्या दोरांसाठी एक संकेत आहे. दीड मिलिमीटरच्या दोरीला त्याप्रमाणे 11 सेंटीमीटर लागतात. टोकाचे काही धागे कापून ते निमुळते करावे, म्हणजे जोड संपतो तेथे एकदम पायरी पडत नाही. शेवटी, सैल असताना जोड निसटू नये म्हणून त्यावर टाके घालावेत. ओवल्यामुळे गोफ फुगून दोरी थोडी आखडते. म्हणून अंतिम माप जोड ताणून घेतल्यानंतरच घ्यावे.

नवी दोरी घालायची झाल्यास एकटी घालू नये. नवी आणि जुनी यांचे लांबणे सारखे नसते. निदान जोडीने, आणि शक्य तर चारही एकदम बदलाव्यात.

लांबीतील फेरबदल

काही खेळाडू दोऱ्यांची लांबी मुद्दाम बदलतात. लांब दोऱ्यांवर पतंगाला फिरायला मोठे क्षेत्र मिळते व हलक्या वाऱ्यात अधिक ओढ मिळवता येते. आखूड दोऱ्यांवर तो चपळपणे वळतो. परंतु लांबीची किंमत मोजावी लागते. 24 मीटरच्या, दीड मिलिमीटर जाडीच्या चार दोऱ्या वाऱ्यासमोर एकूण 0.144 चौरस मीटर क्षेत्रफळाचा अडथळा उभा करतात. हे क्षेत्रफळ दीड फूट लांब व एक फूट रुंद फळीपेक्षाही किंचित जास्त भरते. जाड दोरी अधिक टिकाऊ हे खरे. पण तिचा अडथळाही त्याच प्रमाणात वाढतो. जोडतुकडे लावायचे झाल्यास ते चारही दोऱ्यांना सारख्याच लांबीचे आणि तितक्याच बळाचे असावेत.

झिजणारे इतर भाग

पतंगाच्या कडेजवळील कन्नीच्या दोऱ्या बारीक कप्प्यांतून फिरतात. कप्पीत वाळू अडकून ती फिरेनाशी झाली की दोरी तिच्यावरून घासत राहते आणि करवतीने कापावी तशी झिजते. म्हणून दोन्ही बाजूंच्या कन्न्या एकमेकींशेजारी धरून त्यांची लांबी ताडून पाहावी व कप्प्या बोटाने फिरवून पाहाव्यात. दांडीच्या मधल्या भोकातून जाणाऱ्या दोरीवरही असेच लक्ष ठेवावे. तिच्यावरील आवरण फाटून आतला गाभा दिसू लागला, की ती बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

सुटकेची यंत्रणा

सर्व फेरबदलांना एक मर्यादा आहे. कमरपट्ट्याजवळ एक सुटकेचा खटका असतो. तो ओढताच कमरेचा ताण सुटतो, दांडी वर सरकते आणि पतंग एकाच पुढच्या दोरीवर लोंबकळत राहून निर्बल होतो. या दोरीवर गाठ, जोडतुकडा किंवा जाड टाका आला, तर दांडी तेथेच अडकते व पतंग ओढतच राहतो. घरी केलेल्या दुरुस्तीने अपघात होतो तो बहुधा अशा ठिकाणी. म्हणून या दोरीवर आणि खटक्यावर उत्पादकाच्या सूचनेविरुद्ध काहीही करू नये. खटका गोड्या पाण्याने धुवावा, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येक वेळी प्रत्यक्ष ओढून, तो मोकळा सुटतो व दांडी विनाअडथळा वर सरकते याची खात्री करून घ्यावी.

नियमित वापर करणाऱ्याने पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर आणि पुढे दर महिन्याला मोजणी करावी व ती तारखेसह वहीत नोंदवून ठेवावी. एखादी दोरी इतरांपेक्षा वेगाने लांबू लागली, तिच्यावर केसाळपणा आला किंवा वितळल्याचा कठीण, चकचकीत ठिपका दिसला, तर ती मोजणीत बरोबर असली तरी वापरू नये. दोरीचे बळ डोळ्यांना दिसत नाही. ते कमी होत असल्याच्या खुणा मात्र दिसतात, आणि त्या किनाऱ्यावर असतानाच पाहायच्या असतात.