लॅपटॉप हँग झाला? फॉरमॅट मारू नका!

होस्टेलवर लॅपटॉप हँग झाला की सल्ला ठरलेला, "फॉरमॅट मार!" माझं मत उलटं आहे. आधी लक्षण नीट बघा.

सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडतो? मग उष्णता. गोंदियाचा मे महिना ४५ अंशांच्या घरात, त्यात राईस मिलच्या कोंड्याची धूळ फॅनच्या जाळीत बसते. वर आपण लॅपटॉप गादीवर ठेवून सिनेमा बघणार! फॅन साफ करा, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट नवी लावून घ्या.

स्क्रीन काळीच राहते? चार्जर आणि बॅटरी काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. तरीही नाही, तर रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हळूच पुसा, एकेक लावून बघा.

खरी भीती तिसऱ्या लक्षणाची. लोगो येतो, विंडोज अर्ध्यात अडकते, फाईल उघडायला मिनिटं लागतात. हार्डडिस्क जात असण्याची ही खूण. अशा वेळी चेकडिस्क चालवू नका, मरणाऱ्या डिस्कवर ताण वाढतो. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून आधी प्रोजेक्ट रिपोर्ट बाहेर काढा. आमच्या विंगमधल्या एकाचा फायनल इयरचा रिपोर्ट मी असाच काढून दिला. टकटक आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

नंतर एसएसडी बसवा. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ जुन्या मशीनवर बहुधा बसत नाही, म्हणून मी लिनक्सच टाकतो.