दारें-खिडक्यांस रंग देण्यापूर्वीं

आंदर मावळांत टाकव्यापासून खांडीपर्यंतच्या जुन्या घरांतून दारांच्या चौकटी, खिडक्यांचीं झडपें व वळचणीच्या फळ्या लांकडी आढळतात. चार महिने डोंगरावरून येणारा पाऊस त्यांवर आदळतो. म्हणून, बंधुभगिनींनो, रंग हा केवळ शोभेकरितां नसून लांकडाच्या रक्षणाकरितां आहे. तें रक्षण रंगाच्या डब्यापेक्षां पूर्वतयारीवर अधिक अवलंबून असतें. त्या तयारीविषयीं आम्ही येथें चार गोष्टी सांगतों.

पहिली, काळ. दसऱ्यास पाऊस उघडला म्हणजे लांकूड वरून सुकलेलें दिसतें, परंतु आंत ओलें असतें. त्यावर रंग दिला तर आंतील पाणी ऊन तापतांच बाहेर येऊं पाहतें, फोड येतात व पापुद्रे सुटतात. पौषापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. तेव्हांही सकाळचें दंव उडाल्यावांचून कुंचला हातीं घेऊं नये.

दुसरी, परीक्षा. लांकडाच्या कापलेल्या टोंकांतून पाणी सर्वांत अधिक शोषलें जातें. म्हणून चौकटीचा पाय आधीं कुजतो. तो आरीनें टोचून पाहावा. आरी सहज आंत गेल्यास कुजका भाग सुताराकडून काढवून नवा तुकडा सांधवावा. कुजक्यावर रंग चढविणें म्हणजे रोग झांकणें होय.

तिसरी, जपणूक. घरगुती रंगांत १० लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसें नसावें, असा नियम भारत सरकारनें २०१६ सालीं केला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या थरांत शिसें पुष्कळ असूं शकतें. त्याची धूळ लेंकरांच्या पोटांत गेल्यास बुद्धीस कायमची हानि होते. यास्तव जुना रंग कोरडा घासूं नये व जाळूंही नये. खालीं कापड अंथरून, पाणी शिंपडीत तो खरवडावा. मुलांस व गरोदर स्त्रियांस दूर ठेवावें. पापुद्रे अंगणांत किंवा चुलींत टाकूं नयेत.

चौथी, क्रम. लांकूड पुन्हां सुकल्यावर प्रथम अस्तर द्यावें, मग भेगांत लांबी भरावी, व शेवटीं रंगाचे दोन पातळ हात द्यावे. अस्तराआधीं लांबी भरल्यास कोरडें लांकूड तिच्यांतील तेल शोषून घेतें व ती गळून पडते. कवाडाची खालची कड कोणास दिसत नाहीं. परंतु पाणी तेथूनही शिरतें. तिला विसरूं नये. जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करूं नये. तें तेल वाळतांना तापतें व ढीग आपोआप पेट घेऊं शकतो. त्या बाहेर सुट्या पसराव्या किंवा पाण्यांत बुडवाव्या.

विचार करण्याजोगे प्रश्न :
(१) दसऱ्यास दिलेला रंग कां सुटतो?
(२) लांबीपूर्वीं अस्तर कां द्यावें?
(३) तुमच्या दारावरील सर्वांत खालचा थर कोणत्या सालचा आहे, आणि त्या दाराशीं कोणतें लेंकरूं खेळतें?